शेवटच्या फ्रेटच्या पुढचा सूर

प्रश्न असा आहे (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरचा धातूचा पडदा; ई६, जी६ यांतले अक्षर सुराचे नाव आणि आकडा सप्तकाचा): "माझी इलेक्ट्रिक गिटार २२ फ्रेटची आहे. मी बसवत असलेल्या सोलोच्या शेवटी ई६ आणि त्यानंतर जी६ असे दोन सूर येतात, आणि माझा शेवटचा फ्रेट डी६ वरच संपतो. फ्रेट नसलेल्या जागेवर सूर वाजवता येतो का, की मी २४ फ्रेटची गिटार घ्यावी?"

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात तुमचे पैसे गुंतलेले आहेत. २४ फ्रेटची गिटार घेतलीत तर ई६ हाताखाली येईल, पण जी६ तरीही मिळणार नाही; तो २७व्या फ्रेटवर असता. म्हणजे एवढा खर्च करूनही प्रश्न अर्धाच सुटतो. २७ फ्रेटच्या गिटारी निघालेल्या आहेत, आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात वॉशबर्न या गिटार कंपनीने २९ आणि ३६ फ्रेटची दोन मॉडेलेही बाजारात आणली होती. परंतु ३६व्या फ्रेटपाशी दोन फ्रेटमधले अंतर जेमतेम ५ मि.मी. राहते आणि तिथे बोटाचे पेर बसत नाही, नखाच्या कडेनेच काम भागवावे लागते. दोन सुरांसाठी त्या वाटेला जाण्याचे काही कारण मला दिसत नाही. हे दोन्ही सूर तुमच्या हातात आहे त्याच गिटारवर निघतात, आणि ते एकापेक्षा अधिक रीतींनी निघतात. यांपैकी कोणती रीत कुठे चालते आणि कुठे फसते, ते गिटार शिकवण्याच्या आणि दुरुस्तीच्या टेबलावर घालवलेल्या पंचवीसेक वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सूर फ्रेटमुळे तयार होत नाही. तो तारेच्या मोकळ्या लांबीमुळे, ताणामुळे आणि जाडीमुळे तयार होतो. फेंडर कंपनीच्या पद्धतीच्या गिटारवर नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) घोडीपर्यंत तारेची लांबी सुमारे ६४८ मि.मी. असते. प्रत्येक फ्रेटवर उरलेली लांबी आधीच्या लांबीच्या साधारण ०.९४४ पट होते, त्यामुळे १२व्या फ्रेटवर घोडीपर्यंत ३२४ मि.मी. उरतात, २२व्यावर १८२, आणि २४वा फ्रेट असता तर तिथून १६२. हे गणित फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) संपला म्हणून थांबत नाही. २७व्या जागेपासून घोडीपर्यंत १३६ मि.मी. असतात आणि ३६व्या जागेपासून ८१. या जागा तुमच्या गिटारवर आजही आहेत. फक्त त्यांच्याखाली लाकूड नसून पिकगार्ड (बॉडीवरचे आवरण) आणि पिकअप (तारेचे कंपन पकडणारी चुंबके) आहेत.

मग फ्रेट नेमके काय करतो? तो दोन कामे करतो. एक, तो जागा ठरवून देतो, त्यामुळे बोट थोडे मागेपुढे पडले तरी सूर चुकत नाही. दुसरे काम त्याहून महत्त्वाचे आहे आणि सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: तो तारेला धातूची अरुंद, कठीण धार देतो. बोटाचे मांस मऊ असते. तार थेट मांसावर टेकली तर कंपन तिथेच जिरते आणि सुराला आस राहत नाही. आपल्याकडचे सरोदवादक हे पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. सरोदला पडदे नसतात, म्हणून सुराला आस हवी असेल तर तार पेराने न दाबता नखाने दाबली जाते, आणि त्या नखाला पडलेली खाच वादक आपल्या रियाजाची खूण म्हणून मिरवतात. शेवटच्या फ्रेटच्या पुढे जाताना हाच प्रश्न आपल्यापुढे येतो. फ्रेटची ही दोन कामे आता दुसऱ्या कशाकडून तरी करून घ्यायची आहेत, किंवा ती टाळून वेगळ्या मार्गाने सूर काढायचा आहे.

सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे बेंड, आपल्या भाषेत मिंड. सितारवादक एकाच पडद्यावरून तार खेचत पंचमापर्यंत जातो, तेव्हा तोही पडद्यापलीकडचा सूरच काढत असतो. गिटारची तार सितारच्या मानाने आखूड आणि फिंगरबोर्ड अरुंद, त्यामुळे एवढी मोकळीक मिळत नाही. पण २२व्या फ्रेटवरचा डी६ एक पूर्ण सूर, म्हणजे दोन फ्रेटांइतका, चढवून ई६ काढणे हे रोजचे काम आहे. ते जड का जाते, हे मात्र समजून घ्यावे. सूर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो, म्हणून एक पूर्ण सूर चढवायला तारेचा ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढवावा लागतो, दीड सूर चढवायला ४१ टक्क्यांनी, आणि दोन सूर चढवायला ५९ टक्क्यांनी. ०.००९ इंची पहिली, म्हणजे सर्वांत बारीक, तार स्वरात असताना साधारण ६ किलोच्या ताणावर असते. दोन सुरांच्या बेंडला ती साडेनऊ किलोपर्यंत जाते, आणि त्या जाडीची पोलादी तार त्याच्या थोडे पुढेच तुटते. तुमचा जी६ तर डी६ पासून अडीच सूर वर आहे. तो निव्वळ बेंडने काढायचा विचार सोडून द्यावा. तार वाचलीच तर बोट वाचणार नाही.

ई६ साठी मात्र बेंड उत्तम आहे, आणि त्यातले बारकावे हाताच्या ठेवणीत आहेत. शेवटच्या फ्रेटवर एकट्या करंगळीने किंवा एकट्या अनामिकेने बेंड करू नये. अनामिका २२व्यावर, मधले बोट २१व्याच्या घरात आणि तर्जनी २०व्याच्या घरात, अशी तिन्ही बोटे एकाच तारेवर ठेवून मनगट फिरवावे. जोर मनगटातून येतो, बोटे केवळ आकड्यासारखी तार धरून ठेवतात. घोडीजवळ उरलेली तार आखूड असल्यामुळे इथे तार १२व्या फ्रेटच्या मानाने थोडी कमी सरकवावी लागते, पण जोर थोडा जास्त लागतो, त्यामुळे हाताला ती "अडली" असे वाटते आणि विद्यार्थी सूर पूर्ण चढण्याआधीच थांबतात. म्हणून आधी १२व्या फ्रेटवरचा ई५ वाजवून कानात धरावा आणि बेंड त्याच्या सप्तकापर्यंत न्यावा. तुमच्या गिटारला तरंगती (स्प्रिंगांवर तोललेली) घोडी असेल तर बेंड करताना घोडी पुढे झुकते, ताणाचा काही भाग ती खाऊन टाकते आणि तेवढाच बेंड अधिक लांब करावा लागतो. हे वादकाचे अपयश नव्हे, तो त्या यंत्राचा स्वभाव आहे.

इथे दुरुस्तीच्या टेबलावरची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण "शेवटच्या काही फ्रेटांवर बेंड केला की सूर मरतो" ही तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी बहुतेक गिटारींमध्ये दोष वादकाचा नसतो. जुन्या धाटणीच्या फिंगरबोर्डाची गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची असते. पहिली तार बेंड करून मधोमध नेली की ती त्या गोलाईच्या माथ्यावर चढते आणि पुढच्या एखाद्या फ्रेटला टेकते. सूर तिथेच गुदमरतो. त्यात नेक (गिटारची मान) जिथे बॉडीला जोडलेला असतो, त्या टोकाला लाकूड किंचित वर उचललेले असेल तर दुखणे दुप्पट होते. कोकणातून आणि मुंबईतून येणाऱ्या गिटारींमध्ये पावसाळ्यानंतर हे हमखास दिसते, कारण लाकूड ओल पिते आणि टोक उचलते. पाहण्याची रीत सोपी आहे. गिटार बंदुकीसारखी डोळ्यापाशी धरून घोडीच्या बाजूने नटकडे फ्रेटच्या माथ्यांवरून नजर टाकावी. शेवटचे पाच-सहा फ्रेट उतरत जाण्याऐवजी उशीसारखे वर आलेले दिसले, तर ते घासून खाली उतरवून घ्यावेत. तार उंच करून हा दोष झाकता येतो, पण मग बाकीची सगळी गिटार वाजवायला जड होते. मी स्वतः १५व्या फ्रेटपासून पुढे अत्यंत सूक्ष्म उतार ठेवतो आणि तो केल्याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

आता जी६ कडे वळू. त्यासाठी माझ्या मते सर्वांत स्वच्छ मार्ग हार्मोनिकचा आहे, आणि गिटार शिकणाऱ्यांना तो अर्धवटच माहीत असतो. तारेला बरोबर अर्ध्यावर हलका स्पर्श केला तर सूर एक सप्तक वर जातो, एक तृतीयांशावर स्पर्श केला तर सप्तक अधिक पंचम, एक चतुर्थांशावर दोन सप्तके. पहिल्या मोकळ्या तारेचा चौथा हार्मोनिक म्हणजे नेमका तुमचा ई६, आणि तो पाचव्या फ्रेटवर मिळतो. तिथे पाव लांबीची खरी जागा फ्रेटपासून केवळ अर्ध्या मि.मी.ने हलते. चमत्कार असा, की ज्या सुरासाठी आपण गिटारच्या एका टोकाला शोध घेत असतो, तो दुसऱ्या टोकाला नटजवळ पडलेला असतो.

याच युक्तीची पुढची पायरी अशी: डाव्या हाताने कोणताही फ्रेट दाबावा आणि उजव्या हाताच्या तर्जनीने त्याच्या पाच फ्रेट पुढे तारेला स्पर्श करत, अंगठा आणि मधले बोट यांच्यात धरलेल्या पिकने तार छेडावी. दाबलेल्या सुराच्या दोन सप्तके वरचा सूर मिळतो. पहिल्या तारेचा तिसरा फ्रेट म्हणजे जी४. तो दाबून आठव्यावर स्पर्श केला की जी६ मिळतो. पहिला फ्रेट आणि सहावा म्हणजे एफ६, दुसरा आणि सातवा म्हणजे एफ शार्प ६. अशा रीतीने डी६ च्या पुढचा प्रत्येक सूर, तोही पूर्ण सुरात, फ्रेटच्या आधाराने निघतो, कारण इथे मोकळी लांबी फ्रेट ठरवतो आणि बोट फक्त तारेचे भाग पाडते. चुकीला जागाही बरीच असते, कारण स्पर्श एखादा मि.मी. चुकला तर सूर बेसूर होत नाही, तो फक्त फिका पडतो किंवा उमटतच नाही.

स्पर्शाविषयी दोन शब्द. बोट तारेवर ठेवायचे असते, दाबायचे नसते, आणि छेडताक्षणी उचलायचे असते. उशिरा उचलले तर सूर मुका होतो. लवकर उचलले तर मूळ सूर डोके वर काढतो. मी विद्यार्थ्यांना तापलेल्या तव्याला बोट लागल्यासारखे करायला सांगतो. छेडण्याची जागा स्पर्शाच्या जागेपासून दूर, घोडीकडे असावी. पहिले दोन आठवडे दहातले चार सूर लागतील. त्याबद्दल खंत बाळगू नये.

या हार्मोनिकांमध्ये एक खोच आहे जी तंबोऱ्याच्या सान्निध्यात वाढलेल्या कानाला लगेच कळते. तारेच्या पाचव्या भागावर स्पर्श केला, म्हणजे चौथ्या फ्रेटच्या सुमारे ४ मि.मी. अलीकडे नटच्या बाजूला, तर पहिल्या तारेवर जी शार्प ६ मिळतो. पण तो फ्रेटवरच्या जी शार्पपेक्षा सुमारे १४ सेंटने उतरलेला असतो. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच, पाचवा हार्मोनिक. मिरजेच्या कारागिरांनी लावलेल्या जवारीतून तो जितका गोड वाटतो, तितकाच तो कीबोर्डच्या साथीत वाजवला की उतरलेला वाटतो. दोष कोणाचाच नाही. मोजपट्ट्या दोन आहेत. तुमच्या जी६ ला ही अडचण नाही, कारण चौथा हार्मोनिक म्हणजे शुद्ध सप्तकच असते.

आता प्रश्नाचा जो खरा गाभा आहे, म्हणजे फिंगरबोर्ड संपल्यावर तिथेच पुढे तार दाबून किंवा अडवून वाजवणे, त्याविषयी. हे करता येते आणि त्यासाठी सर्वांत चांगले साधन स्लाइड आहे, काचेची किंवा धातूची नळी. ती फ्रेटचे कठीण धारेचे काम करते. जागा ठरवण्याचे काम कानावर येते. १९७० मध्ये मायामीतल्या ध्वनिमुद्रणात अमेरिकन गिटारवादक ड्युएन ऑलमन यांनी 'लैला' या गाण्याच्या उत्तरार्धात औषधाच्या काचेच्या बाटलीने जे सूर काढले, त्यांतले काही फिंगरबोर्डाच्या पलीकडचे आहेत. आपल्याकडे विचित्र वीणा, आणि नंतर ब्रिजभूषण काब्रा यांनी रागसंगीतात आणलेली गिटार, ही सगळी परंपरा तारेवरून सरकणाऱ्या गुळगुळीत वस्तूचीच आहे. त्या वाद्यांचा वादक फ्रेटकडे पाहतच नाही, आणि म्हणून त्याला "शेवटचा फ्रेट" ही अडचणही नसते.

परंतु जितके वर जावे तितकी चूक महाग पडते, हे आकड्यांनी पाहावे. १२व्या फ्रेटच्या जागी स्लाइड १ मि.मी. सरकली तर सूर सुमारे ५ सेंट हलतो, आणि ते बहुतेकांना ऐकूही येत नाही. २७व्या जागी तेवढ्याच चुकीला १३ सेंट हलतो आणि ३६व्या जागी २१ सेंट, जे कोणालाही खटकेल. म्हणून तिथे डोळ्यांनी नेम धरून भागत नाही. जरा खालून सुरात शिरावे आणि सुराभोवती बारीक आंदोलन ठेवावे. आंदोलनामुळे कान मध्य धरतो आणि मि.मी.ची चूक माफ होते. स्लाइड अगदी हलकी टेकवावी. फिंगरबोर्डाच्या पुढे तार आणि बॉडी यांत बरेच अंतर असते, त्यामुळे जरा दाब पडला की तार खाली जाते, ताण वाढतो आणि सूर चढतो.

याच जागी माझी एकदा फजिती झाली होती आणि ती सांगण्यासारखी आहे. एका लहान कार्यक्रमात मी पहिल्या तारेवर स्लाइड घेऊन बी६ वर, म्हणजे घोडीपासून १०८ मि.मी.वर, गेलो आणि स्पीकरमधून बी ऐवजी मधल्या सप्तकातला एक मंद, किंचित चढा जी ऐकू आला. साथीदारांनी माझ्याकडे पाहिले. चूक हाताची नव्हती. मी नेक पिकअपवर होतो. फेंडरच्या जुन्या धाटणीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर नेक पिकअप घोडीपासून साधारण १६२ मि.मी.वर असतो. स्लाइड त्याच्या पुढे गेली की तो पिकअप तारेच्या मागच्या, नटकडच्या ५४० मि.मी. भागाखाली येतो, आणि तो भागही कंप पावत असतो. पिकअपने त्याच्यासमोर जे होते ते इमानदारीने ऐकवले. तेव्हापासून दोन नियम पाळतो. फिंगरबोर्डाच्या पुढे जाण्याआधी स्विच घोडीकडच्या पिकअपवर. आणि स्लाइडच्या मागे डाव्या हाताची मोकळी बोटे तारेवर आडवी, म्हणजे मागचा भाग मुका राहतो.

पिकअपची ही गोष्ट हार्मोनिकांनाही लागू पडते. घोडीपासून १६२ मि.मी. म्हणजे मोकळ्या तारेचा बरोबर चौथा भाग, आणि चौथ्या हार्मोनिकमध्ये तार नेमकी तिथेच स्थिर असते. नेक पिकअप त्याच बिंदूखाली बसलेला असल्याने पाचव्या फ्रेटचा हार्मोनिक त्याला फार कमी ऐकू येतो. "माझ्या गिटारवर हार्मोनिक नीट उमटत नाहीत" असे म्हणणाऱ्या एका मुलाला मी केवळ स्विच हलवून दाखवला आणि त्याचा दोन महिन्यांचा प्रश्न संपला. उलट, हाच बिंदू आपल्याला उपयोगी पडतो: डावा हात तारेवरून उचलून उजव्या हाताच्या तर्जनीने नेक पिकअपच्या वर मोकळ्या पहिल्या तारेला स्पर्श करून छेडले, तर तोच ई६ निघतो आणि पाचव्या फ्रेटपर्यंत उडी मारावी लागत नाही. घोडीकडचा पिकअप चालू असला पाहिजे, एवढीच अट.

नुसत्या बोटाने तार पिकअपवर दाबून सूर काढण्याविषयीही विचारले जाते. निघतो, पण तो ठोकळ्यासारखा आखूड असतो, आणि तार खोल दाबली गेल्यामुळे चढा होतो. तार पिकअपच्या उघड्या चुंबकांना टेकली तर खटका ऐकू येतो. बोटाऐवजी पिकची कडा उभी धरून तारेवर आपटली तर सूर पुष्कळ स्पष्ट होतो, कारण कडा कठीण आहे. वेगवान कंपित तानांमध्ये, जिथे प्रत्येक सुराला आस लागत नाही, तिथे ही युक्ती शोभते. लांब ठेवायच्या सुरासाठी ती वापरू नये. आणि पिकअप फार उंच लावलेले असतील तर आधी खाली करावेत. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या तारेखाली सुमारे १.६ मि.मी. आणि सहाव्या तारेखाली २ मि.मी. अंतर हे फेंडरच्या साध्या सिंगल कॉइल (एका वेटोळ्याच्या) पिकअपसाठी ठीक असते. याहून जवळ आले तर चुंबक तारेला ओढतो आणि वरचे सूर डळमळतात.

पिंच हार्मोनिक, म्हणजे पिकसोबत अंगठ्याची कडा तारेला लावून काढलेली किंकाळी, हाही शेवटच्या फ्रेटच्या पुढचाच सूर आहे. पण तिथे नेमका कोणता हार्मोनिक निघेल ते छेडण्याच्या जागेवर ठरते आणि एक-दोन मि.मी.वर बदलते. ठरावीक जी६ हवा असताना त्याच्या भरवशावर राहू नये. तरंगत्या घोडीच्या दांड्याचा उपयोग याहून अधिक नेमका आहे. फ्लॉइड रोझ पद्धतीची घोडी वर खेचता येत असेल, तर ई६ चा हार्मोनिक काढून दांडा वर खेचल्यावर तो दीड सूर चढून जी६ होतो, आणि दोन्ही सूर एका श्वासात जोडले जातात. ऐकायला ते फार सुंदर लागते. ताण ४१ टक्के वाढतो, म्हणून तार नवी असावी आणि वर खेचण्याइतकी जागा घोडीमागे खोदलेली असावी. सप्तक वर नेणारे पेडल हाही एक मार्ग आहे. त्यात काही गैर नाही, पण पायाने काढलेल्या सुराला बोटाचा कंप तेवढा जवळून लागत नाही, असे मला वाटते.

आवाजाविषयी एक अपेक्षा आधीच ठरवून घ्यावी. जी६ ची कंपनसंख्या सुमारे १५६८ हर्ट्झ असते. गिटार अँप्लिफायरचा १२ इंची स्पीकर ५००० हर्ट्झच्या पुढे झपाट्याने उतरतो. म्हणजे या सुराचे मूळ आणि त्याचे दोनच उपस्वर तुमच्यापर्यंत पोहोचतात. ३६व्या जागेवरच्या ई७ चा तर पहिला उपस्वरही ५००० च्या पुढे जातो. म्हणून हे सूर शिट्टीसारखे, सडपातळ वाटतात, आणि त्यात तुमच्या हाताचा दोष नसतो. टोनचे बटण पूर्ण उघडे ठेवावे, गेन नेहमीपेक्षा जरा वाढवावा, आणि थोडा डिले (प्रतिध्वनीसारखा परिणाम) लावला तर आखूड आस झाकली जाते.

तुमच्या सोलोपुरते सांगायचे तर मी असे वाजवीन. ई६ साठी २२व्या फ्रेटवरून पूर्ण सुराचा बेंड, कारण तुम्ही तिथे आधीच पोहोचलेले असता. जी६ साठी तिसऱ्या फ्रेटपर्यंत धावत येणे लयीत बसणार नाही, म्हणून १५व्या फ्रेटवर जी५ दाबून छेडायचा आणि उजव्या बोटाने २७व्या जागेवर, म्हणजे उरलेल्या तारेच्या बरोबर मध्यावर, हलका ठोका द्यायचा; सूर एक सप्तक वर जातो. बेंडहून १५व्या फ्रेटवर येण्यासाठी अर्ध्या मात्रेचा विसावा घेतला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. ती जागा शोधताना घोडीपासून मोजू नका, कारण प्रत्येक तारेची घोडी सूर जुळवण्यासाठी थोडी मागेपुढे सरकवलेली असते. १२व्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या रेषेत १८८ मि.मी. मोजा. तुमची गिटार ६२८ मि.मी. लांबीच्या गिब्सन पद्धतीची असेल तर १८२. स्ट्रॅटोकास्टरवर ती जागा नेक आणि मधल्या पिकअपच्या मधोमध, मोकळ्या पिकगार्डवर येते; तिथे तारेखाली कागदी टेपची नखाएवढी पट्टी चिकटवा, घोडीकडचा पिकअप निवडा, आणि आधी बेंड न करता नुसता १५वा फ्रेट आणि पट्टीवरचा ठोका, एवढेच सावकाश लयीत रोज दहा मिनिटे करा.